विल्यम सॅव्हेज आणि त्याचे अनामिक सोबती

इतिहासाच्या पोथीत सेनापतींची नावे ठळक अक्षरांत लिहिलेली असतात. वल्ही मारणाऱ्यांची नावे मात्र सहसा कोठेच आढळत नाहीत. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव कोकणातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्यांच्या गुराबांवर व गलबतांवर शिडे ओढणारे, सुकाणू धरणारे आणि तोफांना बत्ती देणारे जे असंख्य दर्यावर्दी होते, त्यांपैकी दहांची नावे सांगा असे कोणी म्हटले, तर इतिहास शिकविण्यात उभी हयात घालविलेल्या आमच्यासारख्या शिक्षकासही खाली मान घालावी लागेल. ज्या ज्ञातीच्या कित्येक पिढ्या समुद्राच्या भरवशावर जगल्या आणि ज्या ज्ञातीतील कित्येक पुरुष समुद्रातच निवर्तले, त्या आपल्या ज्ञातीने तरी या गोष्टीचा विचार करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

लेखाचा नायक मात्र आपल्या किनाऱ्यावरचा नाही. तो इंग्लंडमधील एक साधा खलाशी होता आणि दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एका छाप्यात तो धारातीर्थी पडला. परक्या देशाच्या, आणि तेही त्या काळी आपल्यावर राज्य करणाऱ्या देशाच्या, खलाशाची कथा आपल्या स्मरणिकेत कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर त्याला मरणोत्तर मिळालेल्या सन्मानपत्राच्या शेवटल्या वाक्यात दडलेले आहे. ते वाक्य योग्य स्थळी येईलच. तत्पूर्वी त्या छाप्याची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

सन १९४२ च्या प्रारंभी ब्रिटनची स्थिती बिकट होती. अन्नधान्य, तेल व दारूगोळा ही सारी सामग्री अटलांटिक महासागरातून जहाजांनी येई आणि त्या जहाजांवर जर्मनांची सतत नजर असे. जर्मनीची प्रचंड युद्धनौका बिस्मार्क २७ मे १९४१ रोजी बुडविण्यात ब्रिटिशांना यश आले होते. परंतु तिची जुळी बहीण म्हणावी अशी तिरपिट्झ ही युद्धनौका नॉर्वेच्या किनाऱ्यावर येऊन उभी राहिली होती. ती अटलांटिकमध्ये शिरली असती, तर व्यापारी जहाजांच्या तांड्यांची धडगत नव्हती. तथापि एवढ्या मोठ्या नौकेला लढाईत इजा झाली, तर दुरुस्तीसाठी तेवढीच मोठी सुकी गोदी हवी. जर्मनांच्या ताब्यातील सबंध अटलांटिक किनाऱ्यावर अशी गोदी एकच होती, आणि ती म्हणजे फ्रान्समधील सेंट नाझेर येथील नॉर्मंडी गोदी. नॉर्मंडी नावाच्या विशाल प्रवासी जहाजासाठी बांधलेली ही गोदी सुमारे ३५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद होती. ती निकामी केल्यास तिरपिट्झला अटलांटिकमध्ये उतरण्याचे धाडस होणार नाही, असा ब्रिटिश नौदलाचा कयास होता.

सेंट नाझेर हे बंदर खुल्या समुद्रावर नाही. ल्वार नदी जेथे समुद्राला मिळते, त्या खाडीत काही मैल आत शिरल्यावर ते लागते. आपल्याकडील खाड्यांप्रमाणेच त्या खाडीतही गाळाचे व वाळूचे पट्टे आहेत. मोठ्या जहाजांसाठी राखलेला खोल मार्ग उत्तर काठाला लागून जात असे, आणि तो नेमका जर्मन तोफांच्या माऱ्याखाली होता. तेव्हा त्या मार्गाने न जाता उधाणाच्या भरतीची रात्र गाठून सरळ गाळाच्या पट्ट्यांवरून जहाजे न्यावयाची, असा बेत ठरला. भरती-ओहोटीचे गणित चुकले की काय होते, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

कॅम्पबेलटाउन नावाची एक जुनी विनाशिका या कामासाठी निवडली गेली. ती मुळात १९१९ साली बांधलेली अमेरिकन नौका होती. १९४० साली अमेरिकेने ब्रिटनला ज्या पन्नास जुन्या विनाशिका दिल्या, त्यांतील ती एक. तिची दोन धुरांडी काढून टाकून उरलेल्या दोहोंना असा आकार दिला गेला, की दुरून पाहणाराला ती जर्मन नौकाच वाटावी. तिच्या नाळेच्या मागे सुमारे सव्वाचार टन स्फोटके भरून ती काँक्रीटने बंदिस्त करण्यात आली आणि त्यांना काही तासांनंतर पेट घेणारे फ्यूज जोडण्यात आले. ही नौका गोदीच्या पोलादी दरवाजावर भरवेगाने आदळवावयाची, तिच्यावरील कमांडो सैनिकांनी किनाऱ्यावर उतरून गोदीची यंत्रे उद्ध्वस्त करावयाची आणि सोबतच्या लहान बोटींतून सर्वांनी परतावयाचे, अशी योजना होती.

या लहान बोटींकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आमची कथा मुख्यतः त्यांच्याविषयीच आहे. त्यांत सोळा मोटर लाँच, एक टॉर्पेडो बोट आणि एक गनबोट होती. मोटर लाँच म्हणजे सुमारे ११२ फूट लांबीची लाकडी बोट. चिलखत असे तिला नव्हतेच. दूरचा पल्ला गाठता यावा म्हणून डेकवर पेट्रोलच्या जादा टाक्या ठेवलेल्या होत्या. लाकूड, पेट्रोल आणि वर माणसे, अशा स्थितीत या बोटींना किनाऱ्यावरील मोठमोठ्या तोफांच्या तोंडी जावयाचे होते. गनबोट क्रमांक ३१४ हिच्यावर रडार असल्याने ती सर्वांच्या पुढे राहून वाट दाखविणार होती. तिचा कप्तान लेफ्टनंट डन्स्टन कर्टिस हा होता. नौदलाच्या तुकडीचा प्रमुख कमांडर रायडर आणि कमांडो तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल न्यूमन हे दोघेही तिच्यावरच होते. या गनबोटीच्या पुढल्या अंगास पॉम-पॉम जातीची एक जलद मारा करणारी तोफ होती, आणि त्या तोफेचा नेम धरणारा गोलंदाज म्हणजेच आमचा कथानायक विल्यम आल्फ्रेड सॅव्हेज.

विल्यमचा जन्म ३० ऑक्टोबर १९१२ रोजी स्मेथिक या गावी झाला. हे गाव बर्मिंगहॅम शहराला लागून आहे, म्हणजे ते इंग्लंडच्या ऐन मध्यभागी, समुद्रापासून दूर. कारखान्यांचे, भट्ट्यांचे आणि कालव्यांचे हे गाव. मात्र समुद्राशी त्याचे एक निराळेच नाते होते. तेथील चान्स बंधूंच्या काच कारखान्यात दीपगृहांची भिंगे तयार होत आणि ती जगभरच्या किनाऱ्यांवर बसविली जात. भारतातील काही दीपगृहांतही याच कारखान्याची सामग्री बसविली गेली होती. ज्या गावाने समुद्र पाहिला नाही, त्या गावाने समुद्रावरील असंख्यांना वाट दाखविली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. अशा गावचा हा तरुण युद्धकाळी नौदलात एबल सीमन, म्हणजे कसलेला खलाशी, या हुद्द्यावर होता. हा हुद्दा अधिकाऱ्याचा नव्हे. हुकूम देणे हे त्याचे काम नव्हते. आपल्या जागेवर उभे राहून नेमून दिलेले काम चोख करणे, हेच त्याचे काम होते. छाप्याच्या वेळी त्याचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

२६ मार्च १९४२ रोजी दुपारी हा तांडा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील फॉल्मथ बंदरातून निघाला. टाइनडेल व अ‍ॅथरस्टोन या दोन विनाशिका सोबतीला होत्या. त्यांनी खाडीच्या बाहेरच थांबावयाचे होते. २७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर बोटी खाडीत शिरल्या. शत्रूचे लक्ष आकाशाकडे वेधले जावे म्हणून विमानांचा हल्ला योजिला होता; परंतु ढगांमुळे वैमानिकांना लक्ष्य दिसेना आणि फ्रेंच नागरिकांवर बॉम्ब पडू नयेत अशी त्यांना सक्त ताकीद होती. त्यामुळे विमाने नुसती घिरट्या घालीत राहिली. त्याने जर्मन अधिकारी गाफील होण्याऐवजी अधिकच सावध झाले.

कॅम्पबेलटाउनचा तळ दोनदा गाळाला घासला, पण उधाणाच्या पाण्याने तिला तारून नेले. रात्री १ वाजून २२ मिनिटांनी एकाएकी प्रकाशझोत खाडीवर पडले आणि सारा तांडा उघडा पडला. किनाऱ्यावरून ओळख विचारण्यात आली. ब्रिटिशांनी जर्मन खुणेचे दिवे दाखवून व जर्मन भाषेतच उत्तर देऊन आणखी काही मिनिटे मिळविली. ही मिनिटे संपताच जहाजावरील फसवा जर्मन ध्वज उतरला, ब्रिटिश नौदलाचा ध्वज चढला आणि दोन्ही काठांवरून तोफांचा वर्षाव सुरू झाला. लेफ्टनंट कमांडर बीटी याने आपली नौका ढळू दिली नाही. रात्री १ वाजून ३४ मिनिटांनी, ठरल्या वेळेनंतर अवघ्या चारच मिनिटांनी, कॅम्पबेलटाउन गोदीच्या दरवाजावर जाऊन आदळली आणि तेथेच रुतून बसली. कमांडो खाली उतरले आणि त्यांनी गोदीचे पंप व दरवाजे हलविणारी यंत्रे उडवून दिली.

इकडे लहान बोटींची मात्र दैना उडाली. ज्या धक्क्यावर त्यांनी सैनिक उतरवावयाचे व परत घ्यावयाचे, तेथल्या पक्क्या मोर्च्यातून तुफान मारा होत होता. एकामागून एक बोटी पेटल्या. पेट्रोल पाण्यावर पसरून जळू लागले. बोटीतून उडी टाकावी तर खालीही आग, अशी अवस्था झाली. गनबोट ३१४ ने न्यूमन व त्याच्या सोबत्यांना काठावर उतरविले होते. त्यानंतर ती त्या आगीच्या लोळात इतर बोटींच्या मदतीसाठी थांबली. तिच्या डेकवर जखमी माणसांची दाटी झाली.

या बोटीच्या नाळेवर, आडोशाला ढालीचा साधा पत्राही नसलेल्या जागी, सॅव्हेज आपल्या तोफेपाशी उभा होता. इतरांना निदान एखाद्या भिंतीआड वाकता येत होते. गोलंदाजाला तीही सोय नव्हती. वाकला तर नेम चुकणार आणि नेम चुकला तर बोट जाणार. प्रकाशझोतात तो लख्ख दिसत होता आणि शत्रू अगदी जवळ होता. तरीही त्याने घाई केली नाही, की गोळे वाया घालविले नाहीत. धक्क्यावरील मोर्च्याच्या झरोक्यावर नेम धरून त्याने तेथील मारा काही काळ बंद पाडला. आरडाओरडा, धूर आणि ज्वाळा यांमध्ये त्याचा नेम स्थिर राहिला, याची साक्ष पुढे त्याच्या वरिष्ठांनी दिली.

रात्री तीनच्या सुमारास गनबोटीला माघार घेणे भाग पडले. तिच्यावर आता जागोजाग भोके पडली होती. खाडीतून बाहेर पडतानाही दोन्ही काठांवरून मारा चालूच होता आणि वाटेत शत्रूच्या नौकाही आडव्या आल्या. सॅव्हेज जागचा हलला नाही. त्या नौकांवरही तो तसाच नेमका मारा करीत राहिला. संकटातून बोट बहुतेक बाहेर पडत आली असतानाच त्याला मृत्यूने गाठले. तो आपल्या तोफेपाशीच पडला. बोट कशीबशी बाहेर थांबलेल्या विनाशिकांपर्यंत पोचली. जखमींना तिच्यावरून हलविले गेले. पुढे ती इतकी निकामी ठरली, की तिला आपल्याच लोकांनी बुडवून टाकले. सॅव्हेजचा देह मात्र इंग्लंडला परत आला आणि ज्या फॉल्मथहून तो निघाला होता, त्याच गावच्या स्मशानभूमीत त्याला मूठमाती मिळाली.

छाप्याचा मूळ हेतू सिद्धीस गेला. २८ मार्चची सकाळ उलटत असता जर्मन अधिकारी व सैनिक कॅम्पबेलटाउन पाहण्यासाठी तिच्यावर गर्दी करून असताना आतील स्फोटकांचा स्फोट झाला आणि गोदीचा दरवाजा उडाला. ही गोदी युद्ध संपेपर्यंत पुन्हा उपयोगात आली नाही. तिरपिट्झ अटलांटिकमध्ये कधीच उतरली नाही. १२ नोव्हेंबर १९४४ रोजी नॉर्वेच्या पाण्यातच ती बुडविली गेली. परंतु या यशाची किंमत भारी होती. छाप्यात सहाशेंहून काही अधिक माणसे गेली होती. त्यांपैकी १६९ मरण पावली आणि २१५ कैद झाली. मृतांत नौदलाचे १०५ व कमांडो ६४ होते. पाच कमांडो शत्रूच्या मुलखातून पायी निसटून स्पेनमार्गे जिब्राल्टरला पोचले. सोळा मोटर लाँचपैकी अवघ्या तीन स्वतःच्या बळावर इंग्लंडला परतल्या. पुढल्या दोन-तीन दिवसांत टॉर्पेडोंचे उशिरा स्फोट झाले, तेव्हा भांबावलेल्या जर्मन सैनिकांनी केलेल्या गोळीबारात निरपराध फ्रेंच नागरिकही बळी पडले. विजयाचा वृत्तान्त लिहिताना या रक्ताचाही हिशेब लिहिला पाहिजे. एरवी तो इतिहास न होता नुसता पवाडा होईल.

या एका छाप्याबद्दल पाच व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक होय. रायडर, बीटी व न्यूमन हे तीन अधिकारी, आणि सॅव्हेज व सार्जंट टॉमस ड्युरंट हे दोन साधे शिपाई, अशी ही पाच नावे. यांतील तिघेही अधिकारी जिवंत राहिले. दोघेही साधे शिपाई मात्र गेले. अधिकाऱ्यांच्या शौर्याला यामुळे उणेपणा येतो, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. तेही त्याच आगीतून गेले होते. पण ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ड्युरंटची कथाही विलक्षण आहे. एका मोटर लाँचवर तो मशीनगन चालवीत होता. समोर जर्मन युद्धनौका असताना, अंगावर जखमांवर जखमा होत असतानाही तो शरण आला नाही आणि त्याच जखमांनी तो निवर्तला. वय अवघे तेवीस. त्याच्या पराक्रमाची वार्ता त्या जर्मन नौकेच्या कप्तानाने स्वतः कैदेतील न्यूमनला भेटून सांगितली, म्हणूनच ती उजेडात आली. शत्रूने साक्ष दिली नसती, तर ड्युरंटही अनामिकांतच राहिला असता.

सॅव्हेजचे सन्मानपत्र २१ मे १९४२ रोजी लंडनच्या सरकारी गॅझेटात प्रसिद्ध झाले. पहिल्या भागात त्याच्या स्थिर व अचूक माऱ्याचे वर्णन आहे. शेवटल्या वाक्याचा आशय असा, की हे पदक केवळ सॅव्हेजच्या शौर्याबद्दल देण्यात येत नसून, मोटर लाँच, गनबोटी व टॉर्पेडो बोटी यांवर सर्वस्वी उघड्या जागी उभे राहून, अगदी जवळून होणाऱ्या माऱ्यात ज्या इतर अनेकांनी कर्तव्य बजाविले आणि ज्यांची नावे येथे दिलेली नाहीत, त्यांच्याही शौर्याबद्दल ते देण्यात येत आहे.

हे वाक्य आम्ही प्रथम वाचले, तेव्हा पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. सर्वोच्च पदक एकाच्या छातीवर, पण तो मान साऱ्यांचा, अशी ही कबुली आहे. अशी कल्पना अगदीच नवी होती असे नाही. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१८ मध्ये, बेल्जियममधील झेब्रुगे बंदरावर ब्रिटिशांनी असाच छापा घातला होता. त्या वेळी सोबत्यांनी मते देऊन आपल्यांतील काहींची या पदकासाठी निवड केली होती. आल्बर्ट मॅकेन्झी हा एकोणीस वर्षांचा खलाशी अशाच रीतीने निवडला गेला. दुर्दैवाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्याचा अंत झाला. सेंट नाझेरच्या वेळी मते घेण्यात आली नाहीत. तेथे सन्मानपत्रातील शब्दांनीच ते कार्य केले.

कोणी असेही म्हणेल, की यात उदारपणा कसला? शंभर जणांना द्यावयाचे ते एकाला देऊन इतरांची एका वाक्यात बोळवण केली, एवढेच. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आमचे मत असे, की जो समाज निदान एवढे कबूल करतो, की ‘आम्ही नाव घेतले नाही असेही काही जण होते’, तो समाज कृतघ्न नव्हे. आणि त्या अनामिकांची नावे सर्वस्वी लोपली, असेही झालेले नाही. पदकाच्या कागदावर ती आली नाहीत, तरी राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक समितीने सर्व युद्धमृतांची नोंद नावनिशीवार ठेविली आहे. म्हणजे अनामिक ते फक्त त्या वाक्यात होते. दप्तरात त्यांना नाव होते.

आता आपल्याकडे वळू. याच समितीच्या नोंदींत आपल्या देशाच्या खलाशांचाही समावेश आहे, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम येथे पहिल्या महायुद्धात समुद्रावर प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक उभारण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातील अशा सहा हजारांहून अधिक खलाशांच्या नावांचा ग्रंथ मुंबईसाठी व चितगावसाठी तयार करण्यात आला. या माणसांतील फार थोडे युद्धनौकांवर होते. बहुतेक व्यापारी जहाजांवर होते. कोणी सारंग, कोणी टिंडेल, कोणी सुकाणी, कोणी आगवाला, तर कोणी भंडारी. त्यांच्या हाती तोफ नव्हती. पण टॉर्पेडोला ते सॅव्हेजइतकेच उघडे होते. आगवाल्याची जागा तर जहाजाच्या पोटात. वर येण्याचा जिना पाण्याने भरला की त्याची सुटका नसे.

या ठिकाणी आमच्या घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या आजोबांचे धाकटे बंधू १९४१ साली मुंबईस जाऊन एका जहाजावर खलाशी म्हणून चढले. पहिले काही महिने त्यांच्या मनिऑर्डरी येत. पुढल्या पावसाळ्यानंतर त्या थांबल्या. मग एक इंग्रजी पत्र आले. घरात इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते. गावातील एका गृहस्थांनी ते वाचून, माणूस समुद्रात गेला, एवढा सारांश सांगितला. आजीने ते पत्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेविले. परंतु एका पावसाळ्यात घर गळाले, पेटीत पाणी गेले, उरलेले वाळवीने खाल्ले. जहाजाचे नाव त्या पत्रात असणारच. ते कोणी टिपून घेतले नाही. पुढे आम्ही चार बुके शिकलो, मास्तर झालो, वर्गात नेल्सन व ट्रफाल्गर शिकविले. पण आजी हयात असताना तिला बसवून त्या माणसाची नीट हकीकत विचारून घ्यावी, असे आम्हांस सुचले नाही.

अलीकडे मुंबईस असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आमच्या विनंतीवरून मृत खलाशांच्या नोंदी पाहिल्या. आमच्या चुलत आजोबांच्या नावाची माणसे तेथे एकाहून अधिक निघाली. त्यांतील आमचे कोणते, हे ठरविण्यास जहाजाचे नाव हवे, आणि ते आमच्याजवळ नाही. नाव दप्तरात आहे, पण ते ओळखण्याची खूण घरात उरली नाही. यात दोष दप्तराचा नव्हे; तो आमचा आहे.

ते कोणत्या तिथीला गेले, हेही घरात कोणाला ठाऊक नाही. म्हणून त्यांचे पान सर्वपित्री अमावास्येला वाढले जाते. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचे करणारे कोणी उरले नाही, त्या सर्वांसाठी आपल्या पूर्वजांनी हा एक दिवस राखून ठेविला. सॅव्हेजच्या सन्मानपत्रातील ते शेवटले वाक्य वाचताना आम्हांस याच दिवसाची आठवण झाली. मात्र सर्वपित्री ही ज्यांची तिथी खरोखरीच कळण्याजोगी नाही त्यांच्यासाठी आहे; आपल्या आळसामुळे ज्यांची तिथी हरवली, त्यांना तेथे ढकलून मोकळे होण्यासाठी नव्हे.

म्हणून ज्ञातिबांधवांना व विशेषतः घरोघरच्या वडीलधाऱ्या माता-भगिनींना आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या घरातून जो कोणी समुद्रावर गेला व परत आला नाही, मग तो युद्धात गेलेला असो, वादळात गेलेला असो वा मासेमारीच्या होडीवरून गेलेला असो, त्याची पाच गोष्टींची नोंद करून ठेवावी: त्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, जहाजाचे वा होडीचे नाव, आणि गेल्याची तारीख किंवा तिथी. जुने पत्र, नलीबुक, फोटोमागचा मजकूर, जे असेल त्याची नक्कल करावी. जे ठाऊक नसेल ती जागा कोरी सोडावी, पण नाव लिहावे. आपल्या संस्थेने अशी एक वही घालावी आणि दर वर्षीच्या स्मरणिकेत एक पान या नावांसाठी राखावे, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवीत आहो. देणगीदारांची नावे आपण दर वर्षी अगत्याने छापतो, ते योग्यच आहे. ज्यांनी प्राण दिले, त्यांच्यासाठी एक पान काही अधिक नव्हे.

जाता जाता सॅव्हेजच्या गावाविषयी आणखी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर स्मेथिकमध्ये आपल्या देशातील, विशेषतः पंजाबातील, पुष्कळ लोक जाऊन स्थायिक झाले. पहिल्या महायुद्धात लढलेल्या दक्षिण आशियाई सैनिकांच्या स्मरणार्थ तेथे २०१८ साली एका शीख सैनिकाचा पुतळा उभारण्यात आला. तो पुतळा कोणा एका वीराचा नाही; ज्यांची नावे मागे राहिली त्या सर्वांचा आहे. परमुलखात गेलेल्यांनी आपल्या माणसांची अशी आठवण ठेविली. आपण तर आपल्याच गावी, आपल्याच किनाऱ्यावर आहो.

यंदाच्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना प्रत्येक घराने आपल्यांतून गेलेल्या एका तरी माणसाचे नाव मुलांना सांगावे आणि घरी येऊन ते वहीत लिहावे. आमच्या घरच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही चुलत आजोबांचे नाव लिहिले आहे. जहाजाच्या नावाची जागा कोरी आहे. कोणाजवळ माहिती असल्यास त्यांनी अवश्य कळवावी.